चुलीवरची फळी आणि भिंतीतली देवळी

इंग्रजी कथा-कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या अनुवादकाची लेखणी काही ठरावीक शब्दांपाशी हमखास अडखळते. 'मँटलपीस' हा त्यांपैकी एक. दिवाणखान्याच्या भिंतीत विस्तवाची जागा, तिच्याभोवती दगडाची किंवा लाकडाची चौकट आणि त्या चौकटीच्या माथ्यावर पुढे आलेली एक अरुंद फळी. फळीच्या मध्यभागी घड्याळ, दोन्ही अंगांना मेणबत्त्या, फुलदाण्या, घरातील माणसांच्या तसबिरी, नुकती आलेली पत्रे. शेरलॉक होम्स आपले न उत्तरलेले टपाल याच फळीच्या लाकडात चाकूने ठोकून ठेवतो, हे १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'मसग्रेव्ह रिच्युअल' या कथेच्या वाचकांना आठवत असेल. त्याआधी १८४४ मध्ये एडगर ॲलन पो यांनी चोरीला गेलेल्या पत्राची जी कथा लिहिली, तिच्यातही सारे पोलीस घर उलथेपालथे करतात आणि पत्र मात्र याच फळीच्या मध्याखाली टांगलेल्या कागदांच्या खणात सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. इंग्रजी वाचकाला 'मँटलपीस' एवढा एकच शब्द पुरतो. मराठी अनुवादक कधी 'शेकोटीवरची फळी' लिहितो. पण आपली शेकोटी असते अंगणात, चार काटक्यांची, तिच्यावर फळी कोठून येणार? तो कधी 'अग्निकुंड' म्हणतो. पण अग्निकुंड म्हटले की यज्ञमंडप डोळ्यांपुढे उभा राहतो. शेवटी निरुपाय होऊन तो मूळ शब्दच देवनागरीत लिहितो आणि पुढे जातो.

ज्या वस्तूला आपल्या भाषेत नाव नाही ती वस्तू आपल्या घरात नव्हती, एवढा निष्कर्ष काढून येथेच थांबता येईल. परंतु आम्हांला प्रश्न जरा निराळा वाटतो. घरातील मौल्यवान, पवित्र आणि चारचौघांना दाखविण्याजोगे जे काही असते, ते ठेवण्यासाठी प्रत्येक समाज घरात एक उंच जागा राखून ठेवतो. इंग्रजांच्या घरी हे काम त्या फळीने केले. आपल्या घरी ते कोणी केले? त्या जागांना आपण काय म्हणत होतो? आणि ती नावे आज कोठे आहेत? या लेखात त्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

विस्तवाचा झगा

प्रथम त्या परक्या शब्दाचेच घर पाहू. 'मँटल' हा शब्द लॅटिन 'मान्तेल्लुम्' या शब्दापासून आला आहे. त्याचा अर्थ अंगावर पांघरावयाचा झगा. चर्चच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या 'मान्तेल्लेत्ता' या बिनबाह्यांच्या वस्त्राचे नाव याच मुळातले. पवित्र मरियेच्या मूर्तीवर जो निळा अंगरखा दिसतो त्याला पोर्तुगीज भाषेत 'मांतो' म्हणतात, तो शब्दही याच गोत्रातला. एलिया संदेष्ट्याने स्वर्गारोहणाच्या वेळी आपला शिष्य अलीशा याच्यासाठी जो झगा मागे टाकला, त्यालाही इंग्रजी बायबलमध्ये याच कुळातील शब्द आहे. मग विस्तवाला झगा कशासाठी हवा होता?

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मोठ्या घराचा विस्तव भिंतीत नसे. तो दालनाच्या मधोमध, जमिनीवर पेटत असे आणि धूर छपरातील झरोक्यातून मिळेल तशी वाट काढीत असे. केंट परगण्यातील पेन्सहर्स्ट प्लेस या वाड्यातील चौदाव्या शतकातले दालन आजही उभे आहे आणि त्याच्या मध्यभागी अशी विस्तवाची जागा अद्याप पाहावयास मिळते. नॉर्मन लोकांच्या मजबूत किल्ल्यांतून मात्र अकराव्या-बाराव्या शतकांत विस्तव भिंतीकडे सरकू लागला होता, कारण मजल्यावर मजला चढला की मधोमध विस्तव पेटविणे शक्य राहत नाही. भिंतीजवळच्या विस्तवाचा धूर खोलीत पसरू नये म्हणून त्याच्यावर पुढे झुकलेले एक आच्छादन बांधीत. खांद्यावरून झगा पडावा तसे ते विस्तवावर पडे. म्हणून त्याचे नाव 'मँटल'. हे आच्छादन ज्या आडव्या तुळईवर पेललेले असे, ती 'मँटल'ची तुळई. पुढे धुराडे भिंतीच्या आत गेले, आच्छादनाची गरज संपली, आणि राहिली ती तेवढी चौकट. सतराव्या शतकात तिला 'मँटलपीस' म्हणू लागले. चौकटीच्या माथ्यावरची फळी शोभेच्या वस्तूंसाठी वापरण्याचा प्रघात त्यानंतर वाढत गेला. चीनहून जहाजांनी येणाऱ्या चिनीमातीच्या फुलदाण्यांचे पाच-पाच नगांचे संच युरोपात खास या फळीसाठी विकत घेतले जात. अशा रीतीने धूर अडविण्यासाठी जन्मलेली वस्तू हळूहळू घराच्या प्रतिष्ठेची खूण झाली.

हा बदल प्रत्यक्ष पाहणारा एक साक्षीदार आहे. एसेक्समधील रॅडविंटर या गावचा धर्मगुरू विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये इंग्लंडचे वर्णन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या गावातील म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या आठवणीत तीन गोष्टी नवलाईने बदललेल्या दिसतात, असे तो नमूद करतो. पहिली, जिकडेतिकडे उभी राहिलेली धुराडी. दुसरी, अंथरुणा-पांघरुणांतील सुधारणा. आणि तिसरी, लाकडी ताटांच्या जागी आलेली धातूची भांडी. गंमत अशी की धुराड्यांवर तो पूर्णपणे खूश नाही. धुराने घराचे लाकूड टणक होते आणि माणसेही काटक राहतात, आता धुराडी आली आणि लोकांना सर्दी-पडशाने ग्रासले, अशी त्याची तक्रार आहे. गावागावांतून हिंडणाऱ्या धर्मगुरूला लोकांच्या घरातील असे बदल आधी दिसतात, हे आम्हांला स्वानुभवाने पटते.

राज्यकर्त्यांनाही ही जागा दिसली. १६६२ मध्ये इंग्लंडमध्ये दर विस्तवाच्या जागेमागे वर्षाला दोन शिलिंग असा कर बसविण्यात आला. लोकांना तो मनस्वी जाचक वाटला आणि १६८९ मध्ये तो रद्द झाला.

चूल म्हणजेच कुटुंब

विस्तवावरून घर मोजण्याची ही कल्पना एकट्या इंग्रजांची नव्हे. पोर्तुगीज भाषेत 'फोगो' म्हणजे विस्तव आणि 'फोगो' म्हणजेच कुटुंबही. अमुक गावात इतके 'फोगो' आहेत, अशी त्यांची गणना असे. आपणही 'चुलीमागे एक माणूस' असा हिशेब करतो आणि भाऊ विभक्त झाले की 'चुली वेगळ्या झाल्या' म्हणतो. भारताच्या जनगणनेतही एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब, अशीच व्याख्या आहे. छप्पर एक असूनही चुली दोन असतील तर घरे दोन, हे आपल्या आजीला जनगणनेच्या अधिकाऱ्याइतकेच पक्के ठाऊक होते.

या 'फोगो' शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'फोकुस' आहे. त्याचा अर्थ चूल. रोमन कुटुंब ज्या जागेभोवती एकत्र येई ती ही जागा. १६०४ मध्ये योहानेस केप्लर या ज्योतिषशास्त्रज्ञाने प्रकाशाचे किरण जेथे एकत्र येतात त्या बिंदूला हा शब्द वापरला. आज छायाचित्र काढताना आपण 'फोकस' म्हणतो, तेव्हा नकळत रोमन चुलीचेच नाव घेत असतो.

रोमन घरात चुलीजवळ आणखी एक गोष्ट असे. कुटुंबाचे रक्षण करणाऱ्या देवतांना ते 'लार' म्हणत आणि त्यांच्यासाठी भिंतीत एक कोनाडा करीत. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पोंपेई नगरात असे कोनाडे घरोघरी सापडले आहेत आणि त्यांपैकी कित्येक स्वयंपाकघरातच आहेत. पोर्तुगीज भाषेत आजही 'लार' म्हणजे घर आणि भिंतीतल्या विस्तवाच्या जागेला 'लारेइरा' म्हणतात. सम्राट थिओडोसियस याने ३९२ मध्ये काढलेल्या कायद्याने या गृहदेवतांची पूजा बंद केली. देवता गेल्या, पण घरात एक जागा पवित्र असावी ही माणसाची ओढ गेली नाही. इटलीत भिंतीच्या कोनाड्यांतून मरियामाता व संत विराजमान झाले. रशियन शेतकऱ्याच्या घरात मातीची मोठी भट्टी एका कोपऱ्यात आणि तिच्या तिरकस समोरच्या कोपऱ्यात पवित्र चित्रे. त्या कोपऱ्याला ते 'लाल कोपरा' म्हणत. तेथे 'लाल' याचा अर्थ सुंदर. पाहुणा आत आला की यजमानाला नमस्कार करण्याआधी तो या कोपऱ्याकडे वळे.

विस्तव, भांडे आणि देव या तीन गोष्टींना घरात मानाची जागा देणे ही माणसाची जुनी रीत आहे. त्या तिन्ही एकत्र ठेवायच्या की वेगवेगळ्या, हे मात्र त्या त्या देशाच्या हवेने आणि भिंतीने ठरविले.

आपल्या घराची तीन दालने

हॅरिसनचा ग्रंथ निघाला त्यानंतर दोनच वर्षांनी, १५७९ च्या ऑक्टोबरात, विल्टशायरमध्ये जन्मलेला एक तरुण येशूसंघीय गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. फादर थॉमस स्टीफन्स यांची ओळख मराठी वाचकांना करून देण्याची गरज नाही. १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. नवी नवी धुराडी ज्या देशात उभी राहत होती त्या देशातून ते आले, आणि आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे त्यांनी जेथे काढली तेथे धुराड्याचा पत्ता नव्हता. असण्याचे कारणही नव्हते. कोकणपट्टीत माणसाला ऊब मिळवायची नसते, उष्मा घालवायचा असतो. मुंबईत आजवर नोंदविलेले सर्वांत कमी तापमान १९६२ च्या जानेवारीतील, तेही ७.४ अंश सेल्सिअस. अशा हवेत बैठकीच्या खोलीत विस्तव कोण पेटवील? पोर्तुगिजांनीही आपली 'लारेइरा' गोव्याच्या दिवाणखान्यात आणली नाही. त्यांनी आणली अलमारी, मेज, चावी, बिजागरी आणि व्हरांडा. हे शब्द मराठीने असे पोटात घातले की आज त्यांचे परकेपण कोणाला जाणवतही नाही.

आपला विस्तव राहिला स्वयंपाकघरात, जमिनीलगत, मातीच्या चुलीत. तिच्या शेजारी मंद आचेसाठी वैल. आणि चुलीच्या मागे किंवा बाजूला, भांडी टेकण्यासाठी मातीचाच सारवलेला एक उंचवटा. या उंचवट्याला मराठीत खास नाव आहे: भानवस. कोठे तो भाणवस होतो, कोठे भानवशी. 'भाणे' हा भांड्याला जुना शब्द, तो या नावात सहज दिसतो. उतरलेली भाताची तपेली, आमटीचे पातेले, उशिरा येणाऱ्या माणसासाठी झाकून ठेवलेली भाकरी, हे सारे चुलीच्या उबेत राहावे म्हणून या भानवशीवर असे. विस्तवालगतच्या फळीला मराठीत शब्द काय, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही हाच शब्द सांगू. मात्र फरक ध्यानात घेतला पाहिजे. इंग्रजांची फळी दाखविण्यासाठी होती, आपली भानवस खाऊ घालण्यासाठी. एकीवर पाहुण्यांची नजर जाई, दुसरीवर घरच्या बाईचा हात.

चुलीच्या वर माळा. तेथे धूर साचे आणि त्या धुराने वाशांना कीड लागत नसे, बियाणे टिके, पावसाळ्यासाठी ठेवलेली सुकी मासळी कोरडी राहे. हॅरिसनने धुराचे जे गुण सांगितले ते आपल्या कोकणातल्या म्हाताऱ्यांनीही सांगितले असते. अर्थात हा धूर कोणाच्या डोळ्यांत आणि कोणाच्या छातीत जात होता, हे विसरून त्याचे गोडवे गाता येणार नाहीत. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांचा खोकला आम्ही ऐकला आहे. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांतून गॅस पोहोचू लागला, त्याचे स्वागतच केले पाहिजे.

दुसरी जागा मांडणीची. लाकडी फळ्यांची ही चौकट स्वयंपाकघराच्या किंवा माजघराच्या भिंतीला उभी असे आणि तिच्यावर पितळेचे डबे, तांब्या-पितळेची घासून लखलखीत केलेली भांडी उतरत्या क्रमाने लावलेली असत. 'मांडणी' हे नाव किती नेमके आहे पाहा! ज्यावर मांडावयाचे ती मांडणी. घराची ऐपत आणि घरधनिणीचा टापटीपपणा दोन्ही तेथे दिसत. शोभेच्या फळीचे काम आपल्याकडे करीत होती ती ही मांडणी.

तिसरी जागा भिंतीच्या पोटातली. मातीच्या, विटांच्या किंवा दगडाच्या भिंती दीड-दोन हात रुंद असत. त्या रुंदीतच कोनाडा कोरला जाई. कोनाड्याला दारे बसविली की ते झाले फडताळ. दिवा ठेवण्याचा लहान कोनाडा ती दिवळी. तीच देवाची झाली की देवळी, म्हणजे लहानसे देऊळ. बोलण्यात हे दोन शब्द एकमेकांत इतके मिसळले आहेत की दिवा कोठे संपतो आणि देव कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण. ख्रिस्ती घरांनीही ही देवळी टाकली नाही. तिच्यात क्रूस आला, मरियामाता आली आणि दिवा होता तसाच राहिला. वसईकडील घरांत ती 'आल्तार' झाली. गोव्यातील घरांत लाकडी कोरीव 'ओरातोरिओ' आला. १९०७ पासून फादर मातेओ क्रॉली-बोवी यांनी येशूच्या पवित्र हृदयाची घरोघरी प्रतिष्ठापना करण्याची चळवळ जगभर नेली. तसबीर घरातील सर्वांत ठळक जागी असावी, असा तिचा आग्रह होता. ठळक जागा कोणती, हा प्रश्न आपल्या जुन्या घरात पडतच नव्हता. भिंतीनेच त्याचे उत्तर देऊन ठेवले होते.

सह्याद्रीच्या माथ्यावर

महाराष्ट्रात खरी 'मँटलपीस' पाहावयाची तर घाट चढून जावे लागते. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून अदलाबदलीने महाबळेश्वरची जागा मिळविली आणि तेथे माल्कमपेठ वसली. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंचीवरच्या या गावात थंडीच्या एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात. तेथील आणि पाचगणीतील साहेबी बंगल्यांत भिंतीतला विस्तव, त्याची चौकट आणि तिच्यावरची फळी या गोष्टी विलायतेतून जशाच्या तशा आल्या. पनवेलहून पूर्वेला पाहिले की माथेरानचा डोंगर दिसतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये तेथे चढले आणि मागाहून त्या डोंगरावरही बंगले उभे राहिले. पण या डोंगरमाथ्यांवरून ती फळी खाली उतरली नाही. मराठी घराने तिला जागा दिली नाही आणि मराठी भाषेने नाव दिले नाही. व्हरांडा आपण घेतला, कारण उन्हापावसात त्याची गरज होती. शब्द उसना घेण्यात आपण कधी कमीपणा मानला नाही. पण गरज नसताना घेतलाही नाही.

नऊ इंची भिंत

आता घाटाखाली, आमच्या नवी मुंबईकडे वळू. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रात नवे शहर आखले गेले. १९७३ मध्ये खाडीवर पूल झाला, १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोहमार्ग आला. घरे मिळाली, आणि मुंबईच्या एका खोलीत दाटीवाटीने राहिलेल्या कित्येक कुटुंबांना प्रथमच स्वतःचे दार मिळाले. हे उपकार लहान नाहीत.

पण या घरांची भिंत पातळ आहे. काँक्रीटच्या खांबांवर इमारत पेलली जाते, त्यामुळे भिंतीला भार सोसावा लागत नाही. बाहेरची भिंत नऊ इंच किंवा त्याहून कमी, आतली साडेचार इंच. अशा भिंतीत कोनाडा कोरणे शक्य नाही. कोरायला घेतला तर शेजाऱ्याच्या खोलीत निघेल. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये १९८० च्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सुटी, अंगणाभोवतीची घरे रचली. रहिवाशाने ती आपल्या गरजेप्रमाणे वाढवावीत हा त्यांचा हेतू होता. परंतु शहरातील बहुसंख्य माणसांच्या वाट्याला आली ती सदनिकाच, आणि सदनिकेच्या भिंतीवर मालकाचा अधिकार खिळ्यापुरता.

घरभेटीच्या व घराशीर्वादाच्या निमित्ताने आमचे अशा असंख्य सदनिकांत जाणे होते. पवित्र तसबीर कोठे लावायची, याबद्दल यजमान-यजमानीण संकोचाने आम्हांलाच विचारतात. समोरच्या भिंतीवर दूरदर्शन संच असतो. त्याच्या भोवती 'शोकेस', तीत मुलांची बक्षिसे, परदेशातून आलेली बाहुली, लग्नाचे छायाचित्र. देवासाठी मग वरची एक फळी, बहुधा विजेच्या मीटरच्या शेजारची. नाताळ आला की याच शहरातील मॉलमध्ये आणि नाटकांच्या मंचावर थर्माकोलची 'फायरप्लेस' उभी राहते. तिच्यावर कापसाचे बर्फ आणि टांगलेले मोजे. आपल्या मुलांना हे मोजे कोठे टांगतात हे ठाऊक आहे. पण देवळी म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागते.

जी गावे शहराच्या पोटात आली त्यांचा तोटा याहून मोठा आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशा दहा वस्त्या उठल्या. गाव उठते तेव्हा भांडी हलविता येतात, मांडणी हलविता येते, देवही नव्या घरी नेता येतात. भिंतीत कोरलेला कोनाडा मात्र हलविता येत नाही. ज्या कोनाड्यात तीन पिढ्यांनी संध्याकाळी दिवा लावला, त्याच्या माथ्यावर काजळीचा जो काळा डाग पडला होता, तो कोणत्याच सामानाच्या यादीत बसत नाही.

नाव नेता येते

येथवर वाचलेले वाचक म्हणतील की भिंत गेली, चूल गेली, मग शब्द जाणारच. त्याचा खेद कशाला? आमचे म्हणणे नेमके याच ठिकाणी आहे. वस्तू गेली की शब्द गेलाच पाहिजे, असे नाही. त्या इंग्रजी फळीचाच दाखला घ्या. जे आच्छादन झग्यासारखे दिसत होते आणि ज्यावरून हे नाव पडले, ते जाऊन शतके लोटली. चौकट राहिली, तिला तेच नाव. पुढे १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर विषारी धुके पसरून हजारो माणसे दगावली. १९५६ च्या कायद्याने धुरावर निर्बंध आले, घरोघरी उष्णतेची दुसरी साधने आली आणि कित्येक घरांतील विस्तवाची जागा विटांनी बुजविली गेली. तरीही बुजविलेल्या विस्तवावरच्या फळीला इंग्रज 'मँटलपीस'च म्हणतो. झगा गेला, धूर गेला, विस्तव गेला. नाव राहिले, कारण बोलणाऱ्यांनी ते टाकले नाही.

मराठीलाही ही विद्या अवगत आहे. ओटा हा मुळात घराबाहेरचा, दारापुढचा बसण्याचा चौथरा. मातीच्या चुलीऐवजी उभ्याने स्वयंपाक करण्याची सोय आली तेव्हा आपल्या बायकांनी त्या दगडी फळीला सहज 'ओटा' म्हटले आणि अंगणातला शब्द स्वयंपाकघरात आणून बसविला. कौलारू घराच्या वरचा माळा मुंबईच्या चाळीत 'दुसरा माळा, तिसरा माळा' असा मजला झाला आणि सदनिकेत येऊन अडगळ ठेवण्याची जागा झाला. कोणत्याही कोशकाराने ही नावे सुचविली नव्हती. माणसांनी जुन्या घरातून निघताना ती बरोबर घेतली, एवढेच.

मग देवळी मागे का राहिली? मांडणीचे 'शोकेस' आणि भानवशीचे 'प्लॅटफॉर्म' का झाले? आम्हांला वाटते, ज्या शब्दांची लाज वाटली नाही ते आले, आणि ज्यांना गावंढळ मानले ते मागे राहिले. भानवस म्हटले की माती, शेण, धूर आणि जमिनीवर बसून रांधणारी आई आठवते. शहरात नव्याने घर मांडणाऱ्याला ती आठवण नको होती. 'शोकेस' या शब्दाला कसलीच आठवण नाही, म्हणून तो सोयीचा वाटला. पण आठवण नसलेल्या जागेत देव ठेवला तर तोही शोभेची वस्तू होण्यास वेळ लागत नाही. आठ बक्षिसे आणि एक क्रूस एकाच काचेआड मांडलेली आम्ही पाहिली आहेत. त्या घरात श्रद्धा नाही असे आम्ही म्हणणार नाही. तेथे एवढेच घडले आहे की घरात कोणती जागा पाहण्याची आणि कोणती गुडघे टेकण्याची, हा भेद करणारे शब्द हरवले आहेत.

यावर उपाय अवघड नाही, आणि त्यासाठी भिंत फोडावी लागत नाही. दोन स्क्रूंवर बसविलेली हातभर लांबीची फळी पुरते. मात्र तिच्यावर दुसरे काही ठेवू नये आणि तिला देवळी म्हणावे. नावाने हाक मारली की जागेलाही आपले काम कळते. सायंकाळी 'देवळीत दिवा लाव' असे घरात कोणी कोणाला म्हणाले, तर चार पावलांवरची ती फळी भिंतीच्या पोटातल्या कोनाड्याइतकीच खोल होईल.

आणि ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेली आई किंवा आजी आहे, त्यांनी एक करावे. तिच्या लहानपणीच्या घरात कोणकोणत्या जागा होत्या, त्यांना काय म्हणत आणि त्यांवर काय ठेवीत, हे तिला विचारून एका वहीत लिहून घ्यावे. आगरी, कोळी, वसईकर, घाटावरची, गोव्याकडची, प्रत्येकीकडे आपापले शब्द असतील. नवी मुंबईत या सर्वजणी एकाच जिन्याने चढ-उतार करतात. कोशांत शब्दांचा अर्थ मिळतो. उशिरा घरी येणाऱ्या माणसाची भाकरी भानवशीवर कोणत्या बाजूला झाकून ठेवीत, हे मात्र त्याच सांगू शकतील.